गावागणिक होळी

साहेब, गोवालच्या गोळ्या तुम्ही चुकवल्या. बोटवाल्याने नाही, मी नाही. तुम्ही.

नर्मदेकाठच्या पाड्यांना दवाखान्याची बोट जाते. ती कुठे, कधी लागेल हे माझा प्रोग्राम ठरवतो. तारखांचं काम तो एका जुन्या लायब्ररीकडून करून घ्यायचा. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण फक्त जोडायचा. तिची देखभाल बंद पडली, आणि तुमचा हुकूम आला: आता सगळीकडे चालते ती प्रमाण लायब्ररी घ्या. जुनी जावी, हे मलाही पटत होतं. पण सातपुड्यात होळी एका दिवशी नसते. ह्या गावाची आज, त्या गावाची परवा; म्हणजे सगळ्यांना सगळीकडे नाचायला जाता येतं. जुनीत मी गावागणिक होळी भरली होती; गाव नाचायला निघायच्या आधीच बोट तिथे लागायची. नवीत एकच, सरकारी सुट्टीची.

"थोडे दिवस द्या, ह्या होळ्या नवीत बसवते," म्हटलं.

"रोहिणी मॅडम, होळी पौर्णिमेलाच असते. शाळेत शिकवलं नाही का?" तुम्ही हसलात. चहा मागवलात, स्वतःपुरता.

नवा कोड चढवला. चाचण्या सगळ्या पास. चाचण्यांनाही एकच होळी ठाऊक.

मग बोटीवरच्या हिलालभाऊंचा फोन. "काय वं ताई, तुन्हा कॉम्प्युटरनी होळी कोन्ती शे? काठवर कुत्रंबी नई! पुरं गाव पल्याड होळीले जायेल शे. हॉर्न वाजाडी वाजाडी परत उनूत आम्ही."

त्याच पाड्यावरच्या गोवालला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार आहे. रोजची गोळी लागते, ती संपली होती. नाचून गाव परतलं तेव्हा बोट निघून गेलेली. पुढे हातपाय इतके दुखायला लागले की झोळीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणला, मग जीपने दवाखान्यात.

मी बघायला गेले. सलाईन चालू होतं. त्याची आई, दिवलीबाई, खाली फरशीवर बसलेली. भांडली नाही. म्हणाली, "बोट दरवर्षी होळीआधी येते. औंदा आमच्यावर रागावली का?"



घरी येऊन जुनी लायब्ररी परत जोडली. परवानगी घेतली नाही. आता तुमची नोटीस आलीय, खुलासा करा म्हणून. थकलेय मी, साहेब. हाच माझा खुलासा. नोकरी घ्यायची तर घ्या.

पण दिवलीबाई अजून फरशीवरच आहे. तिला काय सांगू? तुम्ही सांगा. लेखी.