ज्योतिबामामांचा खोकला

"मामी, जरा दम धरा, एवढं गिऱ्हाईक करतो," म्हणत रोहिदासने तोच मोबाईल त्याच फडक्याने पुन्हा पुसला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वच्छलाबाई तेवढ्या होत्या, काउंटरसमोरच्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन. वरवंडच्या पलीकडच्या वस्तीवरून त्या सकाळच्या एसटीने दौंडला आल्या होत्या आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हत्या.

"ऐतवारी सोनमची हळद हाय," त्या पुन्हा म्हणाल्या. "आमच्या घराण्यात नातीच्या हळदीला बिरोबाची ववी घरातला मोठा मानूस म्हनतो. तुजं मामा हायती कुठं आता? पोराला दोन वळी येत न्हाईत. तुज्या शिट्टीत मामा दर शुक्रवारी म्हनायचं न्हवं? तेवढंच दे मला मोबाइलात भरून."

"बघतो, मामी."

"बघतो न्हाई. देतो म्हन."

"देतो," रोहिदास म्हणाला. नाही म्हणायला जीभ रेटली नाही, खरं सांगायचं तर हीच त्याची जन्मखोड होती.

'शुक्रवारची शिट्टी' म्हणजे काय, हे दौंडमधल्या चाळिशीपुढच्या माणसाला सांगावं लागत नाही. लोकल केबलवर संध्याकाळी थेट प्रसारण. कॅसेटच्या दुकानावरची खोली, मागे चादर, समोर लग्नाच्या शूटिंगचा एकच कॅमेरा. रोहिदास नकला करायचा, मधूनमधून गाणी व्हायची. स्टेशनात इंजिनाने शिट्टी दिली की गाणारा थांबायचा आणि शिट्टी संपली की पुढच्या ओळीवर यायचा. लोकांना त्याचंच कौतुक. थेट चाललेलं असतानाच कॅसेट भरली जायची. शनिवारी ती कंडक्टरच्या हाती शिरूरला जायची. रविवारी तिथला केबलवाला भिमाजी ती लावायचा आणि परत पाठवायचा. मग पुढच्या शुक्रवारी त्याच कॅसेटवर पुढची शिट्टी. मामांच्या ओवीवर कुणाची लावणी, लावणीवर सरपंचांची मुलाखत, मुलाखतीवर पुन्हा मामा. पुढे सेट टॉप बॉक्स आले, लोकल चॅनेल गेलं, शिट्टी मोबाईलवर आली. लॉकडाउनमध्ये रोहिदासने ती स्वयंपाकघरातून केली. अजूनही शुक्रवारी तो लाइव्ह येतो. बघणाऱ्यांतले निम्मे खाली विचारतात, दुकान उद्या उघडं आहे का. एवढ्या वर्षांत काही जपून ठेवावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या शुक्रवारी मामा येणारच होते ना!

त्याने शिरूरला फोन लावला.

"भिमा, शिट्टीचं जुनं काय ऱ्हायलंय का तुज्याकडं?"

"एक हाय की. ती खोकल्याची," भिमाजी हसत म्हणाला. "लोकं सारखी मागायची, म्हनून तुला परत धाडलीच न्हवती. ये, बघू बसून."

खोकल्याची म्हटल्यावर ती कोणती, हे रोहिदासला सांगावं लागलं नाही. तरी तो शिरूरला गेला. भिमाजीने माळ्यावरचा जुना प्लेअर काढला, फुंकर मारली, कॅसेट आत ढकलली. पडद्यावर तरणाबांड रोहिदास खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता. तो मामांच्या आवाजात ओवीची एक ओळ म्हणायचा आणि खोकायचा. पुन्हा ओळ, पुन्हा खोकला. मग ढोलवाला खोकल्यावर ठेका धरायचा आणि खोलीतली माणसं हसून लोटपोट. भिमाजीही आत्ता गुडघ्यावर थापा मारत होता. एकदाच कॅमेरा कोपऱ्यात वळला. तिथे ज्योतिबामामा बसले होते. तेही हसत होते, पटक्याचा शेव तोंडावर दाबून.

त्या शुक्रवारनंतर मामा गाताना खोकायचे नाहीत. खोकला आला की पटक्याचा शेव तोंडात कोंबायचे, डोळे लाल व्हायचे, आणि रोहिदास कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारायचा. पुढच्या वर्षी छातीच्या दुखण्याने मामा गेले. मयतीला रोहिदास गेला होता. तिथेसुद्धा कुणीतरी त्याला हळूच म्हणालं होतं, "ती खोकल्याची लई झ्याक व्हती." आणि त्याला बरं वाटलं होतं. आज ते आठवून त्याला स्वतःची किळस आली.

कॅसेटवर मामांचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता. होती ती नक्कल आणि लोकांचं हसू.

सरळ वस्तीवर जाऊन खरं सांगणं सोपं होतं, पण ते त्याच्याने झालं नाही. शनिवारी दुपारी त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि मोबाईल समोर ठेवून स्वतःच ओवी म्हटली. आधी बिनखोकल्याची म्हणून पाहिली. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण मामा काही येईनात. मग एका ओळीनंतर तो खोकला, जसा तेव्हा खोकायचा तसा, आणि मामा आले. म्हातारीचं मन राहील, पोरीची हळद साजरी होईल, यात कुणाचं नुकसान आहे? मनाची ही समजूत त्याला इतक्या चटकन पटली की त्याचीच त्याला भीती वाटली.

रविवारी मांडवात सोनम पाटावर बसली, गालाला हळद लागली आणि तिच्या भावाने रोहिदासने मोबाईलात भरून दिलेली ओवी स्पीकरवर लावली.

'माळावरच्या देवा रं, माझ्या लेकीला सावली धर...'

बायका गप्प झाल्या. म्हाताऱ्यांनी हात जोडले. "त्योच! ज्योतिबाच," एक जण म्हणाला. सोनमच्या डोळ्यांतून हळदीवर पाणी ओघळलं. "आजोबांचा आवाज म्या पैल्यांदाच ऐकला," ती आजीला म्हणाली. मग सगळ्यांदेखत रोहिदासला टॉवेल-टोपी झाली. त्याने मान खाली घालून टोपी घालून घेतली. लोकांना वाटलं, किती विनयी माणूस.

गडबड जरा ओसरल्यावर वच्छलाबाईंनी त्याला मांडवाच्या कडेला, पाण्याच्या पिंपांपाशी बोलावलं.

"रोहिदासा, ह्ये कवाचं रं?"

"असंल... मामा जायच्या आदल्या सालचं."

"लई खोकत्यात."

त्याने डोक्यावरची टोपी नीट केली.

"घरात कवा खोकलं न्हाईत बघ. भायेर ओट्यावर निजायचं. म्हनायचं, आत उकडतंय. थंडीत सुदिक! म्या हसायची, म्हनायची, येडं झाल्यात." त्यांचा आवाज खाली गेला. "आमच्याकडं तवा टीव्ही न्हवता. आन् तिकडं सगळ्या दौंडाला खोकला ऐकू येत व्हता. मलाच कसा न्हाई आला? म्या कसली बायकू? कळालं आसतं तर वढत न्हेलं आसतं दवाखान्यात." त्यांनी हाताने कपाळ बडवलं, एकदा, दोनदा.

रोहिदासने त्यांचा हात धरला. खोकला खोटा आहे, टेपच खराब आहे, असं म्हणून सुटता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण एका खोट्याने या बाईचं काय केलं, ते समोर दिसत होतं.

"मामी, ह्यो आवाज मामांचा न्हाई. माजा हाय. मामांचं समदं पुसलं गेलंय, आमीच पुसलं. काल दुकानात बसून म्या म्हटलंय ह्ये."

वच्छलाबाई बघत राहिल्या. "मग खोकला?"

"खोकला मामांचाच."

"तुला कसा यितो?"

"शिकलो," तो म्हणाला. "दर शुक्रवारी बघून बघून शिकलो. लोकं हसायची त्याला. मामा मग पटक्याचा शेव कोंबायचं तोंडात. कळायला पायजे व्हतं ते मला, मामी. तुमाला न्हाई."

मांडवात कुणीतरी मोठ्याने हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. वच्छलाबाईंनी आपला हात सोडवून घेतला. पदर डोक्यावर सारखा केला. त्या रागावतील, टोपी काढून घेतील, हाकलून देतील, यातलं काहीतरी व्हावं म्हणून रोहिदास वाट बघत उभा राहिला.

"पोरीला सांगू नगंस," एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सोनम हळदीच्या हातांनी पदर सावरत आली. "आजी, परत लावू का? आत्या आत्ता आली, तिनं ऐकलं न्हाई."

वच्छलाबाईंनी रोहिदासकडे पाहिलं नाही. "लाव," त्या म्हणाल्या.

ओवी पुन्हा सुरू झाली. पहिली ओळ गेली आणि खोकला आला, ओला, खोल, लांबलेला. वच्छलाबाई पिंपावर वाकल्या, तांब्याभर पाणी घेतलं आणि वळल्या. समोर ज्याला द्यावं असं कुणी नव्हतं. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग त्यांनी तांब्या रोहिदासपुढे धरला.

"पी," त्या म्हणाल्या.

त्याने दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि खोकला थांबेपर्यंत तो पाणी पीत राहिला.