एकाच ताग्यातल्या दोन पिशव्या

आठवा महिना लागला आणि तिनं शिलाई मशीनवरचा दिवा मालवून सांगून टाकलं, "शनिवार-रविवार दुकान बंद. आम्ही दोघं तळ्यावर जाणार."

"दोघं म्हणजे तिघं," सासूबाई तिच्या पोटाकडे बघत म्हणाल्या. "आणि चौथी माझ्या गळ्यात."

"गळ्यात कशाला, आई? मांडीवर. तुमच्या मांडीवर तर ती राणी असते."

"साखर पेरू नकोस. या दिवसांत कोणी भटकतं का?"

"डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या."

"डॉक्टरीणबाईंना सून नसेल."

नवरा मान खाली घालून कापडावर खडूची रेघ ओढत राहिला. दुकानात तो बेतायचा, कापायचा, ती शिवायची. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत, म्हणून तीही म्हणे. दोन बायकांच्या बोलण्यात कात्री घालायची नसते, एवढं मास्तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला होता.

तळ्यावर तिला पहिल्या खेपेलाही जायचं होतं. तेव्हा सगळे म्हणाले, बाळ झाल्यावर जा. बाळ झालं, रांगलं, चाललं, चुरुचुरु बोलायला लागलं. तळं होतं तिथंच राहिलं. पहिल्या कळा आल्या त्या कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावताना, आणि अस्तर पुरं करूनच ती मशीनवरून उठली होती. तेव्हापासून दोघं समोरासमोर बसले की मध्ये एक तर कापड असायचं, नाहीतर लेक, जिला घरात सगळे बटण म्हणत. हे दोन दिवस तिला मध्ये काही म्हणजे काही नको होतं. आत्ता नाही गेलो, तर पुन्हा कुठलं जायचं? बांधाबांध करताना ती स्वतःशीच गुणगुणत होती:

एक बाळ पोटी गं, एक बाळ घरी,
दोन दिस माझे मला राहू दे गं तरी.

पिशव्या तिनंच शिवलेल्या. पडद्याचं निळं कापड उरलं होतं, आणि उरलेलं कापड टाकायचं नाही ही दोघांची जुनी खोड. एकाच ताग्यातल्या, एकाच मापाच्या दोन पिशव्या. एकीत लेकीचे कपडे, दुसरीत दोघांचे. शनिवारी सकाळी मास्तरनं एक आईच्या हाती दिली, दुसरी खांद्याला अडकवली आणि दोघं निघाले.

लॉजवरच्या खोलीची खिडकी उघडली तर खाली पाणीच पाणी, कुणीतरी नुकतीच इस्त्री फिरवावी तसं. तिनं हसत पिशवी सोडली. आत इवलेइवले फ्रॉक. मोजे. आणि तळाशी चिंध्यांचा ससा, एक कान चावून चावून चोथा झालेला.

"मास्तर," ती म्हणाली, "हे तुझ्या मापाचे दिसत नाहीत."

दोघं पोट धरधरून हसले. तेवढ्यात फोन वाजला.

"इथे तुझा गाऊन आणि याच्या विजारी निघाल्यात," सासूबाई म्हणाल्या. मागून रडण्याचा सूर येत होता. "बटण दुपारची झोपत नाहीये. सशासाठी घर डोक्यावर घेतलंय. मी म्हणतच होते. या परत."

लेकीचं रडं कानातून थेट पोटात उतरलं. आतल्यानंही एक लाथ मारली. मास्तरनं तोवर पिशवीचे बंद आवळलेसुद्धा.

"चल. पुढच्या वेळी येऊ."

"पुढच्या वेळी म्हणजे? दुसरं शाळेत गेल्यावर?"

"अगं, पोर रडतेय."

"ऐकू येतंय मला. बस खाली." मग फोनमध्ये, "आई, गाऊन हातात घ्या. मी अंगावरचा काढून तसाच भरलाय, धुतलेला नाही."

"मग काय करू, घालू?"

"वरच्या भागात यांचे मोजे कोंबा. बाह्या वर ओढा, आणि काखेखाली घट्ट गाठ मारा. बाह्या म्हणजे कान."

"मोजे तरी धुतलेत ना?"

"ते धुतलेत."

खुडबुड झाली. रडणं चालूच. "मारली गाठ. पण हा ससा नाही गं, गाढव झालंय."

"गाढव तर गाढव. तिच्या नाकाशी धरा."

रडणं अडखळलं. एक हुंदका, मग लांबलेला दुसरा. मग लेकीचा चिरका आवाज, "आईचं गाढव." आणि मग काहीच नाही. बऱ्याच वेळानं सासूबाई कुजबुजल्या, "झोपली. कान तोंडात घालून."

"छान. मग आम्ही उद्या संध्याकाळी येतो."

"मी परत या म्हणाले होते."

"म्हणालात. उद्या येतो."

"हट्टी आहेस."

"आहे, आई."

"आमच्या वेळी फोन असता तर मीही झाले असते," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

अंगावरच्या कपड्यांनिशीच ती घाटाच्या पायऱ्या उतरली आणि घोटे बुडेपर्यंत पाण्यात पाय सोडून बसली. मास्तर मागून आला, शेजारी बसला. हातात ससा होता. तो त्यानं सवयीनं दोघांच्या मध्ये ठेवला.

तिनं ससा उचलून आपल्या पलीकडे ठेवला.

"हे दोन दिवस मध्ये काही नको."

"आणि हे?" त्यानं तिच्या पोटाकडे हनुवटी केली.

"हे मध्ये नाही. हे माझ्या बाजूला आहे," ती म्हणाली, आणि मधली वीतभर जागा सरकून बुजवून टाकली.