गारेच्या पोटातला ऐन

गारा वितळल्या तेव्हा सत्यभामाबाईच्या बांधीतला बराचसा उन्हाळी धान चिखलात आडवा झाला होता. लोंब्या पिकून कापणीला आलेला. पुतणी कामिनी पवनीच्या कॉलेजात शिकते. ती अंगणात सांगत होती, "काकू, ढगातलं पाणी लई थंड होऊनही पाणीच राहते. गोठायले त्याले काही धराले लागते. मातीचा कण, फुलाची धूळ, सडल्या पाल्यातले जंतू. डोळ्याले दिसत नाही एवढं बारीक."

भैय्याजीनं ते ऐकलं. त्याची लाकडं कापायची आरामशीन आहे. अर्धं ऐकायचं आणि तेवढ्यावर करवत चालवायची, हा त्या हरामखोराचा धंदाच.

सकाळी तो माणसं घेऊन बोडीच्या, शेततळ्याच्या, पारीवर हजर. तिथं सत्यभामाबाईचं जुनं ऐनाचं झाड.

"वहिनी, याच झाडाचा पाला सडते, वर जाते अन् तुमच्याच धानावर गारा पाडते. तुमची पोरगीच बोलली. फक्त हो म्हणा."

"मी असं नाही बोलली!" कामिनी ओरडली.

"खरं सांग," सत्यभामाबाई म्हणाली. "गारेत याचं काही असंल का?"

एक 'नाही' पुरलं असतं. कामिनीला ते जमलं नाही.

"असंल. नसंलही. तिकडच्या जंगलातलं असंल, रस्त्याच्या धुळीतलं असंल. पण काकू, पावसाचेही पुष्कळ थेंब असेच वर बर्फ होतात. खाली येता येता वितळतात."

सत्यभामाबाई ऐनाला पाठ लावून बसली. डोळे मिटले. पाल्याचा कुजका, गोड वास आला आणि तिला वाटलं, पाला उठतोय. बोडीच्या पाण्यावरून, कौलांवरून, वरठीच्या कारखान्याच्या धुरावरून हळूहळू वर जातोय. वर सगळं दुधासारखं. तिथं एकेका कणाला पाणी बिलगतंय, पोर आईला बिलगतं तसं, आणि पांढरं होतंय. जड झालं की हात सुटतो. कुणाच्या बांधीत पडायचं, हे त्याला कुठं ठाऊक.

"वहिनी, झोपल्या काय?"

तिनं डोळे उघडले. समोर तिचा झोपलेला धान.

"यानं माहा धान नेला असंल, भैय्याजी. पण रोवण्याले पाणी कोणाले मागू? तुह्या मशीनले?"

माणसं हसली. भैय्याजी नाही हसला.

"पुढच्या साली गारा पडल्या तं माह्याकडे रडत येऊ नका."

"नाही येत. जा."

करवत ट्रॅक्टरवर चढली. कामिनी जवळ येऊन बसली. सत्यभामाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "विळा आण. जेवढा उभा आहे तेवढा तं कापू."