निळ्या फुलांची कानातली

शिवकन्येनं कप गोणपाटात गुंडाळला, न्हाणीच्या दगडावर ठेवला आणि वरून हातोडी घातली. गोणपाटानं आवाज दाबला खरा, पण सासूचे कान तिखट.

"काय फुटलं गं?" लक्ष्मीबाईंनी चुलीपासूनच विचारलं.

"कप, आत्याबाई. बलभीमभाऊंचा. गोठ्यातला."

फुटक्या कपबशांची कानातली करायची, हा शिवकन्येचा उद्योग. गल्लीतल्या बाया फुटलेलं आणून द्यायच्या. ती पकडीनं फुलाचा तुकडा तेवढा काढायची, कानशीनं कडा घासायची आणि विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेत बसवायची. कळंबच्या बाजारात पोरी हौसेनं घ्यायच्या. चांगला कप मात्र तिनं आज पहिल्यांदाच फोडला. बलभीम घरचा सालगडी, आणि त्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा. त्यानंच विसळायचा, त्यानंच परत ठेवायचा. घरात जातीचं नाव कुणी काढत नसे. कशाला काढतील? कप होता ना!

त्या संध्याकाळी तिनं बलभीमला घरातल्या निळ्या फुलांच्या कपात चहा दिला. लक्ष्मीबाईंच्या भावानं बहिणीला दिलेला तो संच. सासरे धोंडीबा ओट्यावरून बघत तंबाखू मळत राहिले. शिवकन्येला वाटलं, जिंकलं बाई! सकाळी बघते तर तोच निळा कप कोनाड्यात जाऊन बसलेला.

तिनं तोही फोडला. मग तिथं संचातला दुसरा आला. तोही गोणपाटात गेला, त्याच्या मागचाही. घरातले कप कमी होत चालले आणि तिच्या डब्यात निळी कानातली वाढत चालली.

"ती हातोडी हिरीत टाकीन!" धोंडीबा कडाडले.

"दगड हायेत की, मामा."

निदान बलभीम तरी खूश असेल, असं तिनं धरून ठेवलं होतं. तो गुरांना वैरण टाकत होता. तिच्याकडं न बघताच म्हणाला,

"वैनी, माझ्या नावानं तुमची कानातली व्हायलीत. कप फोडून काय व्हतंय? ठिवतंय कोण, त्याला इचारा की."

हे तिच्या जिव्हारी लागलं. राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

संध्याकाळी चहाला सगळे होते. संचातला शेवटचा कप धोंडीबांच्या हातात होता आणि बलभीम दुधाची चरवी घेऊन दारात आला होता. शिवकन्येनं विचारलंच.

"मामा, कोनाड्यात कप कोण ठिवतंय?"

धोंडीबांनी बायकोकडं बोट केलं. "ही."

"म्या ठिवते," लक्ष्मीबाई खाली बघत म्हणाल्या. "हे सांगतेत म्हणून."

"सांगणारच! घर माझं हाय. आन् आता ह्यो एकच ऱ्हायलाय, ह्यो माझा. त्याला उद्यापास्नं करवंटीत दे."

बलभीमनं चरवी उंबऱ्यावर ठेवली, चपला पायात सरकवल्या आणि चहा न घेताच चालता झाला. धोंडीबांनी सावकाश कप रिकामा केला, खाली ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. शिवकन्येच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. एवढे कप फोडले, आणि शेवटी काय, तर करवंटी!

लक्ष्मीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी कप विसळला, पदरानं पुसला, फुलावरून एकदा अंगठा फिरवला. मग तो न्हाणीच्या दगडावर नेऊन ठेवला.

"हातोडी दे."

शिवकन्येनं हातोडी दिली आणि लगबगीनं गोणपाट ओढलं.

"थांबा आत्याबाई, गुंडाळू द्या. ओट्यावर आवाज जाईल."

"ऱ्हाऊ दे गोणपाट," लक्ष्मीबाईंनी हातोडी उचलली. "ऐकू जाऊ दे त्यांना."