मानेखालची घडी

आमचे हे शिंपी. कुणाच्या मापात चूक दिसली तर सख्ख्या बापालाही सोडणार नाहीत, असा स्वभाव. आणि नेमकी मापातच माती खाल्ली.

यांच्या घशात गाठ निघाली तेव्हा मला आधी सासरे आठवले. त्यांनाही हेच झालं होतं. त्या काळी डॉक्टर कातडीवर शाईच्या रेघा मारून अंदाजाने किरण देत. ते मध्येच थांबवले, स्वरयंत्र काढलं. मरेपर्यंत त्यांचा शब्द घरात उमटला नाही.

"आता तसं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्कॅनमध्ये गाठीची कड न् कड दिसते. किरण तेवढ्यावरच सोडायचे. आवाज वाचेल." माझा जीव भांड्यात पडला.

डोकं हलू नये म्हणून यांच्या चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार मास्क बेतला. तो टेबलाला अडकवून रोज किरण. पण घास गिळवेना, हे वाळून काडी झाले आणि मास्क सैल पडला. तोंडातून चकार शब्द काढतील तर शपथ! उपचार थांबवतील, मग वडिलांसारखं कापतील, ही भीती. मानेखाली घ्यायला घरून पंचा न्यायचे, स्वच्छतेसाठी म्हणून. त्यात गुपचूप कॅनव्हासची घडी शिवली. मास्क घट्ट बसायला लागला.

आठवड्याच्या तपासणीत मान वर आलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी पंचा उचलून शिवण चाचपली.

"अहो, सांगायचं ना! नवा मास्क केला असता."

"बोटभर तर घडी," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"वडिलांच्या वेळी बोटभर खपलं असतं. आता दाण्याएवढंही खपत नाही. गाठीची एक बाजू किरणांतून सुटली आहे."

"आणि आवाज?" मी विचारलं.

"पुन्हा स्कॅन करू, नवा मास्क करू. पण आवाजाची खात्री आता देता येणार नाही."

मला असा संताप आला की तो पंचा यांच्या अंगावर भिरकावला. जन्मभर गिऱ्हाइकांना बजावलं, सैल असेल तर सांगा, भीड धरू नका. आणि स्वतः?

बाहेर बाकावर बसलो. बोलू नका, घशाला त्रास होईल, असं मीच यांना दटावत आले होते.

"अगं," हे म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

थोड्या वेळाने पुन्हा, "अगं."

गप्प बसा म्हणायला माझी जीभ वळेना. प्रत्येक हाकेला मी ओ देत राहिले.