तीन जूनची फळी

धाकट्या भावाची मुलगी शाळेत जायला लागली, त्या वर्षी मी अक्षरं शिकलो. मी साठीला टेकलेला सुतार आणि ती सहा वर्षांची मास्तरीण. "काका, वेलांटी उलटी काढलीत," म्हणत ती माझ्या बोटांवर पट्टी मारायची. मग मला लिहिण्याचं वेडच लागलं. कारखान्यात हाताशी येईल त्या फळीवर पेन्सिलीनं लिहायचो. 'बिजागऱ्या संपल्या.' 'गिऱ्हाईक भांडलं.'

पुढच्या वर्षी जुलैत भावजयीनं धाकट्याचा गंभीर आजाराचा विमा काढला. मोठा आजार निघाला की कंपनी एकरकमी पैसे देते, उपचारही होतात आणि घरही चालतं. मी हसलो होतो.

"धडधाकट माणसाच्या मागे आजार कशाला लावतेस?"

"भाऊजी, तुम्ही सडेफटिंग. माझ्या पदरात पोर आहे."

जानेवारीत धाकट्याच्या थुंकीत रक्त आलं. फुप्फुसात गाठ निघाली. महिन्याभरात ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाले. घर विकूनही ते जमणारं नव्हतं. आता सगळा भरवसा त्या विम्यावर.

कंपनीचा तपासनीस कारखान्यात आला. कागद दाखवायला भावजयही आली होती. बसायला दिलेलं स्टूल त्यानं आधी रुमालानं पुसलं. तिथेच तो माझ्या मनातून उतरला. धाकटा किती वर्षं काम करतो, कधीपासून खोकतो, असं विचारत तो भिंतीला टेकवलेल्या फळ्यांपाशी थांबला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी," मी छाती फुगवून म्हणालो. "माझंच अक्षर."

त्यानं फोटो काढला आणि चहाला न थांबता निघून गेला.

भावजय पुढे झाली. तिनं फळी वाचली आणि तिचा चेहरा उतरला. फळीवर वर '३ जून' आणि खाली 'आज धाकट्याच्या थुंकीत रक्त.'

"भाऊजी, विमा जुलैचा आहे!"

"अगं, ती तारीख लाकडाची! फळी आत येते त्या दिवशी लाल रंगानं टाकतो, किती वाळली ते कळावं म्हणून. खालचं मी जानेवारीत लिहिलं."

"हे त्याला का नाही सांगितलंत? 'माझंच अक्षर' म्हणे! बक्षीस देणार होता तो?"

ती औषधं आणायला गेली. मी फळी टेबलावर घेतली, शिकंज्यात आवळली आणि रंधा मारला. तारीख गेली, वाक्यही गेलं. फळी कोरी करकरीत झाली. मला वाटलं, भानगड मिटली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आजार विमा घेण्याआधीचा, तो लपवला, म्हणून पैसे मिळणार नाहीत. सोबत फोटोची प्रत होती. त्यात लाल रंग आणि पेन्सिल, दोन्ही सारखीच काळी.

भावजय मला घेऊन कंपनीत गेली. तिथल्या साहेबानं दोनदा सगळं ऐकून घेतलं.

"फोटोत रंगाचा फरक कळत नाही. फळी आणा. रंग वेगळा दिसला तर प्रकरण परत उघडतो."

भावजयीच्या जिवात जीव आला. "उद्याच आणतो साहेब. आणतो ना, भाऊजी?"

मी मान खाली घातली. "रंधा मारला."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "का मारलात?"

खरं सांगितलं असतं तरी त्यानं मला चोरच समजलं असतं. त्यानं फाईल मिटली.

बाहेर रस्त्यावर भावजय म्हणाली, "अडाणी होतात तेच बरं होतं. तेव्हा तुमच्यापासून कुणाला धोका नव्हता."

धाकट्याला मीच सांगितलं. तो खोकत खोकत हसला. "दादा, जन्मात पहिल्यांदा न सांगता रंधा मारलास, तोही माझ्यावर." मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं. पोरीनं पट्टी दप्तरात टाकली आणि मला काका म्हणणं सोडलं. भावजय माझं ताट उंबऱ्याबाहेर ठेवायची. मी तिथेच बसून जेवायचो.

ऑपरेशन झालं नाही. माझा धाकटा भाऊ, वय एकेचाळीस, त्याच वर्षी नऊ मे रोजी, गुरुवारी सकाळी वारला.