परमुलखातली राखण

आमचा चंदू कॅनडात अस्वलं दाखवतो, हे भांडुपच्या चाळीत कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की समोरचा विचारायचा, "सर्कशीत का?" आणि माझं डोकं फिरायचं.

चंदू म्हणजे माझा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश. जहाजावर कुक म्हणून गेला. जहाज गहू भरायला कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या एका बंदराला लागलं आणि तिथल्या एका माणसाने त्याला ठेवून घेतलं. हिवाळ्याच्या तोंडावर त्या गावाबाहेर पांढरी अस्वलं जमतात. माणसाएवढ्या चाकांच्या उंच बसमधून पर्यटकांना त्यांच्यात फिरवून आणायचं, हा त्या माणसाचा धंदा. चंदू बसमध्ये सूप गरम करायचा, आणि इंग्रजी सुधारल्यावर "डावीकडे बघा, मादी आणि पिल्लू" असंही सांगायला लागला होता. त्याने एक फोटो पाठवला होता. अस्वल मागच्या पायांवर उभं राहून खिडकीशी आलंय आणि काचेआड टोप्या घातलेली माणसं खिदळतायत.

"बघ तुझो झील," बाबा आईला म्हणाले. "अस्वलांका पावणे दाखवता." संपात गिरणी बंद पडल्यापासून बाबांना दोनच उद्योग उरले होते, पेपर वाचणं आणि आईला डिवचणं.

आईला मात्र त्या फोटोने घोर लागला. त्यातच ऑक्टोबरात चंदू बर्फावरून घसरला आणि मनगट मोडून बसला. मालक म्हणाला, या सीझननंतर तुझं बघू. आईने निदान करून टाकलं: तिथला राखणदार रागावलाय.

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्याकडे प्रत्येक जमिनीला राखणदार असतो. दिसत नाही, पण हद्द सांभाळतो. वर्षातून एकदा कोंबडं कापून, भातावर वाढून त्याचं पान हद्दीवर ठेवायचं, हात जोडून गाऱ्हाणं घालायचं आणि मागे न बघता घरी यायचं. याला राखण देणं म्हणतात. एकदा दिली की दरवर्षी द्यावी लागते, चुकवून चालत नाही. भांडुपला आल्यावरही आईने चाळीमागच्या टेकडीच्या कडेला ती चालू ठेवली होती. पान कुत्री खायची. आई म्हणायची, "कुत्र्याच्या रूपान इलो." त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

चंदूचा फोन रविवारी सकाळी खालच्या भाऊंच्या पिठाच्या चक्कीवर यायचा. भाऊ बिचारे चक्की बंद करायचे, पिठाला आलेल्या बायका कान टवकारून उभ्या राहायच्या. त्या रविवारी आईने रिसीव्हर माझ्या हातातून ओढलाच.

"दुसऱ्याच्या जमिनीत ऱ्हवतंस, तिकडच्या राखणदाराक इचारलंस?"

ती रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायची, त्यामुळे चंदूचं बोलणं सगळ्या चक्कीला ऐकू यायचं. "आई, इथे दारात हाड पडलं तरी गुन्हा आहे गं. वासावर अस्वलं गावात शिरतात."

"देवाच्या पानाक कसलो गुन्हो? एकदाच घाल. माझी शपथ असा तुका."

मला वाटलं, हा हो म्हणेल आणि कोंबडं स्वतःच खाईल. मी असते तर तेच केलं असतं. पण आमच्या घरात आईच्या शपथेला भिणारा तो एकटाच.

पुढच्या रविवारी फोन मी घेतला. आई दाराशी, डोळे माझ्या तोंडावर.

"ताई, आई आहे का तिथे?" त्याचा आवाज बसला होता. "तिला देऊ नकोस."

"काय झालं रे?"

"पान ठेवलं. कुंपणाशी. मागे न बघता आत आलो. सकाळी पान साफ. मला पण बरं वाटलं यार, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी अस्वल परत आलं. सरळ दारात. मी दूध आणायला दार उघडलं, तर समोर हे एवढं डोकं. त्याचा श्वास तोंडावर आला गं माझ्या."

मी आईकडे पाठ केली.

"शेजारी आमच्या बसचा गाईड राहतो, म्हातारा. त्याने हवेत बार काढला, ते हललं नाही. एकदा माणसाच्या दारात खायला मिळालं की ते तिथेच येतं म्हणतात. शेवटी त्याने गोळी घातली. पायरीवरच पडलं. आणि गोळी घालून तोच रडला, ताई. अख्ख्या गावासमोर." मग म्हणाला, "मला आता इथे कोण ठेवणार? आईला सांगू नकोस. राखण पोचली म्हण."

"पावलो काय गो?" आई दारातून विचारत होती. "घेतल्यान काय?"

'घेतली' म्हटलं असतं तर ती सुखाने घरी गेली असती. पण मग पुढच्या वर्षी पुन्हा राखण आली असती, पुन्हा शपथ, आणि तो मूर्ख जिथे असेल तिथे पुन्हा पान वाढून बसला असता. मला भाऊ जिवंत हवा होता. मला तिचा रागही आला होता, तो का लपवू? मी फोन ठेवला आणि चक्कीतल्या सगळ्या बायकांसमोर तिला घडलं तसं सांगितलं. दार, डोकं, गोळी, सगळं.

मला वाटलं ती कपाळ बडवून घेईल, राखणदार मारला म्हणेल, शाप लागला म्हणेल. तिने फक्त चंदूला लागलं का विचारलं. नाही म्हटल्यावर ती तिथेच दारात बसली.

"तो उपाशी होतो काय गो?"

"होता. समुद्र गोठल्याशिवाय त्यांना शिकार मिळत नाही. गोठायची वाट बघत ती तिथे उपाशी थांबतात. म्हणून तर दिसतात, म्हणून तर लोक बघायला जातात."

"आणि आमी त्याका जेवूक बोलावलव," आई म्हणाली. "पान वाढलव. आणि दारात मारलव."

मी काहीतरी समजूत घालायला गेले, पण ती ऐकत नव्हती. चाळीत येऊन तिने नळाखाली बादली लावली आणि नेसल्या लुगड्यानिशी सगळं थंड पाणी डोक्यावरून ओतलं. लांबचं कुणी गेल्याची खबर आली की आमच्यात अशी आंघोळ करतात.

बाबा पेपर टाकून धावत बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण गेला गो?"

"चंदूकडे जेवूक इल्लो, तो," आई म्हणाली, आणि तिने दुसरी बादली लावली.